वामनरावचा अळणी डबा

३ नोव्हेंबर १९८१
वर्ध्याला डॉक्टरकडे. बी.पी. वाढलेलं, वजनही. "धंदा काय?" म्हणाले. गिरणीच्या गेटसमोर आलूबोंड्याचं हॉटेल, म्हटलं. हसले. "विका. खाऊ नका. मीठ कमी."
वीस वर्षं प्रत्येक घाण्यातला पहिला मीच चाखत आलो. हातगाडीपासूनची सवय. बायको, कमल, गेल्यापासून घरी चूल नाही. मला येतं ते फक्त तळणं.

४ नोव्हेंबर
बाराचा भोंगा. वामनराव फिटर आला, डबा उघडून तोंड वाकडं. "बायकोनं मिठाशी भांडण केलं का काय? घे, तूच खा. मले दोन गरम दे."
ज्वारीची भाकर, चवळीची भाजी. अळणी. सगळं खाल्लं, बोटं चाटली. डॉक्टरचा हुकूम बसल्या जागी पाळला गेला.

१३ नोव्हेंबर
रोजचंच झालं. डबा मला, आलूबोंडे त्याला. घाणाही तोच चाखतो, "मीठ बराबर" म्हणतो. आज मेथी, वर दाण्याचा कूट. त्याच्या घरच्या सुमनवहिनी अळणी का करतात, विचारलं नाही. स्वतःला तिखट कानाचा म्हणवतो आणि... पोट भरलं होतं, दुसरं काय.

२ डिसेंबर
डॉक्टरकडे. वजन उतरलं, बी.पी. पण. खुशीत बाहेर बाकावर गोळ्यांची वाट पाहत बसलो. पडद्याआड आवाज. वळायच्या आधीच ओळखला, सुमनवहिनी.
"मीठ अजिबात नाई टाकत, डाक्टरसाहेब. डबा पुसल्यासारखा रिकामा परत येते रोज. तरी ह्यायचं बी.पी. चढूनच राह्यलं."
"चुकून पडत असेल, बाई."
"पोराची शपथ!" रडल्या.
पडद्याच्या फटीतून वामनराव दिसला, तिथेच बसलेला.
मी गोळ्या न घेताच निघालो.

३ डिसेंबर
वा. आला. म्हटलं, तुले आजपासून आलूबोंडा नाई.
"काऊन? दुकान सरकारी झालं?"
"वहिनी रडल्या, अन् तू तोंड उघडलं नाई."
उठला तो सरळ गेटाच्या उजवीकडच्या दुसऱ्या आलूबोंड्याच्या गाडीवर. डबाही घेऊन गेला. मी दोन केळी खाल्ली.

८ डिसेंबर
पाच दिवस त्याचं हसणं त्या गाडीवरून ऐकतो. डबा आता कोण खातं, देव जाणे. इकडे गिऱ्हाईक म्हणतात, खारट झाले, शेठ. कढईचा आवाज ऐकून तळण कळतं, मीठ नाही कळत.

९ डिसेंबर
तो पाळीला गेल्यावर त्याच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, माझ्यासकट.
सुपातली ज्वारी पाखडत राहिल्या. मग,
"डबा कसा लागे, भाऊजी?"
"मेथी फस्टक्लास."
"महिनाभर मले वाटे, ह्यायले आवडून राह्यला." एवढंच म्हणाल्या.
घरी येऊन जेवलो नाही.

१४ डिसेंबर
बाराला वहिनी स्वतः गेटवर. हातात दोन डबे. वा.ला उजवीकडे वळूच दिलं नाही. दोघांना एका बाकावर बसवलं. "एक तुमचा, भाऊजी. एकमेकाकडे पाहून खा." गिरणीतले चारपाच जण मजा पाहायला थांबले.
वा.ची नजर कढईवर. "एक चाखू दे. घाण्याचं मीठ पाहाले नको?"
वहिनींनी स्वतःच एक उचलला. फुंकून खाल्ला. "खारट आहे. मीठ निम्मं करा." वा. आज पहिल्यांदा हसला. मीही. कढईवरच्या माझ्या माणसाला पुढच्या घाण्यात निम्मं टाकायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत एकाही गिऱ्हाईकानं तक्रार केली नाही!
जाताना म्हणाल्या, "रोज नाई जमत मले यायले. उद्यापासून दोन्ही डबे ह्यायच्याच हाती."
वा.नं उजवीकडच्या गाडीकडे पाहिलं.

१५ डिसेंबर
सकाळ. बाकावर दोघांपुरती जागा पुसून ठेवली. गेटातून बाहेर पडलं की डावीकडे मी, उजवीकडे गाडी. भोंग्याला अजून अवकाश आहे.