गोठ्याच्या वाटेवरचे खुळखुळे

१२ फेब्रुवारी
सासूबाई आज परत पडल्या. गोठ्याकडं जाताना, हौदाला धडकून. गुडघा सोलला. एका डोळ्यानं दिसत नव्हतंच, आता दुसऱ्यालाही नुसता उजेड-अंधार कळतो. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हळद लावताना म्हणाल्या, "म्हशीच्या पाठीवर हात फिरवल्याबिगर दिवस उगवल्यागत वाटत न्हाय गं."

१३ फेब्रु.
धाकट्या दिरांचा पुण्याहून फोन. "वहिनी, आईला हिकडं आणतो. लिफ्ट हाय, फरशी सपाट हाय." चुकीचं काय बोलले? सासूबाईंनी ऐकलं, ताटावरून उठल्या.

१५ फेब्रु.
मोरीजवळच्या तारेवर टांगलेल्या चाळणीवर वाऱ्यानं चमचा आपटत होता. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मोरी तिकडं हाय न्हवं?" बोट बरोबर मोरीकडं. दिवसभर तेच डोक्यात.

१७ फेब्रु.
माळ्यावरचं पोतं उपसलं. वाकडे चमचे, कुलपं हरवलेल्या चाव्या, डब्यांची झाकणं. ह्यांनी ड्रिलनं भोकं पाडली, इंदापूरच्या बाजारातून मासे धरायची नायलॉन दोरी आणली. पहिला खुळखुळा वाजेचना. खाली डब्याचं झाकण लोंबतं बांधलं, मग वारा धरला.
सासूबाई भडकल्या. "मी काय बैल हाय, घुंगरं बांधायला?"
"तुमाला न्हाय बांधत आत्या, वाटंला बांधतीय."
हसल्या नाहीत.

२० फेब्रु.
आज आपणहून जवळ येऊन बसल्या. चमचे नापास. "जेवायला बसल्यागत वाटतं." चाव्या हौदापाशी. "ह्या बऱ्या. लांब सर म्हणत्यात." गोठ्याच्या दारात काय, यावर अडलं. तर ट्रंकेतून माहेरचं पितळी फुलपात्र काढून आणलं. काठ चिरलेला.
"पाडा भोक."
ह्यांचा हात होईना. मग त्यांनीच ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तेव्हा पाडलं. उलटं टांगलं, आत जाड खिळा. आवाज असा लांबवर जातो की...

२६ फेब्रु.
सगळं मुसळ केरात. कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर, एकामागं एक, गाणी लावून. सासूबाई अर्ध्या वाटेत उभ्या. काही ऐकू येईना. परत आणलं, तर माझा हात झटकला.

४ मार्च
पोचल्या! काठी टेकत, एकट्या. मी अनवाणी, मागं मागं. हौद ओलांडल्यावर न वळता म्हणाल्या, "मागनं येऊ नको. तुझ्या बांगड्या ऐकू येत्यात."
म्हशीला किती वेळ चोळत होत्या. मी घरात येऊन उगाच रडले.

९ मार्च
भाऊजी आले, गाडी घेऊन. आईला न्यायलाच. चहा झाल्याबरोबर सासूबाई काठी घेऊन निघाल्या, मुद्दाम त्यांच्यासमोर. आणि नेमका वारा पडलेला. पान हलत नव्हतं. हौदापर्यंत सवयीनं गेल्या. पुढं थांबल्या. मान तिरकी, कान लावून.
भाऊजी उठले. मी हात आडवा केला. "वहिनी, पडंल ती."
"थांबा जरा."
ऊन डोक्यावर. सासूबाई हलेनात, हाकही मारेनात. शेवटी ओरडल्या, "आरं, कुणीतरी हलवा की ते!"
भाऊजी धावत पलीकडनं गोठ्यात गेले आणि फुलपात्र हातानं वाजवायला लागले.
"कोण हाय तितं?"
"मी हाय आई. ये."
गेल्या. भाऊजींच्या तोंडावरून हात फिरवला, मग म्हशीच्या पाठीवरून.

गाडी संध्याकाळी एकटीच गेली. निघताना भाऊजी एवढंच म्हणाले, "पावसाळ्यात बघू." पाऊस लागला की आमचा पत्रा असा वाजतो की शेजारचं बोललेलं कळत नाही. मी ते बोलले नाही. ह्यांच्याही मनात आलं असावं. जेवताना सारखे वर पत्र्याकडं बघत होते.