दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, धंदा शिक्षकाचा, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, म्हणजे उजव्या हाताने, लिहीत आहे. डाव्याचा विषय पुढे येईल. मी पूर्ण शुद्धीत आहे. हे वाक्य घालायला वकिलांनी सांगितले तेव्हा 'शुद्धीत'मधली वेलांटी त्यांनी पहिली काढली होती. ती मी दुसरी करून दिली. ते म्हणाले, "सर, शुद्धीचा याहून मोठा पुरावा मला नको." कोणाच्या दबावाखाली मी लिहीत नाही. ताई दाराशी उभी राहून "इतकं काय लिहितोस, आहे काय तुझ्याकडे?" असे विचारते आहे, तो दबाव समजू नये.

घाईचे कारण असे. माझ्या नसांना लागलेल्या रोगाने डाव्या हातापासून सुरुवात केली आहे. पुढे उजवा, मग जीभ, मग श्वास. डॉक्टरीणबाईंनी हा क्रम विभक्त्या म्हणाव्या तसा न अडखळता सांगितला. उपाय विचारला तर म्हणाल्या, "नाही हो." त्या 'हो'बद्दल मी त्यांचा आभारी आहे.

कलम १. वरच्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांतला माझा अर्धा हिस्सा थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. दुसरा अर्धा हिस्सा आणि घरातली सर्व मते आधीपासून तिचीच आहेत. मोरीतला नळ उलटा बसवलेला आहे. बंद करायला गेले की सुटतो. तिला ठाऊक आहे, तिच्यानंतर येणाऱ्यास कळावे. पुढची खोली मी आधी दुसऱ्या कोणास देणार होतो. तो मजकूर मी स्वतः खोडला आहे. खोडाखोड कोणी लबाडीची मानू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते ताईला. फार नाही. माझ्यामागे शाळेत शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर मुख्याध्यापिकाबाईंना शेवटी बोलायला द्यावे, म्हणजे तोवर लोक पांगलेले असतील.

कलम ३. माझी लाकडी शिडी धाकट्या भावाने एका दुपारपुरती नेली, त्याला अकरा वर्षे झाली. आमच्यातले बोलणेही तिच्याबरोबरच गेले. ती शिडी मी त्याला देत आहे. निदान आता ती हक्काची होईल.

कलम ४. संस्कृतची पुस्तके, दोन कपाटे. शाळेला विचारून झाले. "सर, आम्हीच जुनी काढतोय," असे उत्तर आले. पुस्तके रद्दीवाल्याला द्यावीत आणि वजन करताना ताईने उभे राहावे. व्याकरणाची जाड प्रत मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या तुटक्या पायाखाली आहे, ती तिथेच असू द्यावी. तिचा उपयोग होत असल्याचे एवढे एकच उदाहरण माझ्याकडे आहे.

कलम ५. मोठा आरसा खालच्या न्हाव्याला. त्याचा त्यावर फार दिवसांपासून डोळा आहे. हा आरसा घरात का आला ते लिहून ठेवतो, कारण ताई ते लोकांना वेगळे सांगते.

आठ वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतले. "सर, संस्कृतला मुलंच उरली नाहीत. तुम्ही मागच्या वर्गातल्या त्या सहा जणांपाशी बसत जा. ती ऐकत नाहीत."

"बाई, कुठली मुलं ऐकतात?"

"तसं नाही हो. त्यांना ऐकूच येत नाही."

पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने बाराखडीपासून सुरुवात करायची, आणि तीही हातांची. मी आरसा आणला, त्यासमोर तासन्‌तास खुणा केल्या. ताईने फोनवर कोणाला तरी "आता माशा मारतो" म्हणून सांगितल्याचे मी ऐकले. मुले समोर बसून खुणा करत. मी त्यांचे हुबेहूब उचलले, म्हणजे त्यांचा उजवा तो माझा डावा. माझी सगळी भाषा डावरी झाली. हे मला वर्षभराने कळले, तोवर वळण पक्के झाले होते. रोगानेही नेमका डावाच हात आधी धरला. मृत्युपत्रे लिहिण्याचा हात ठेवला, बोलण्याचा नेला.

पहिल्या दिवशी मी घोकून गेलो होतो : मी तुम्हाला शिकवायला आलो आहे. बोटे जुळवून कपाळाच्या उंचीवरून पुढे नेली की शिकवणे. तीच तोंडाच्या उंचीवरून नेली की भरवणे. माझा हात जरा खाली राहिला. सहाही जण आ वासून बसले. मला वाटले, विद्वत्तेचा परिणाम. त्यातल्या एका मुलीने उठून माझा हात धरला, कपाळापर्यंत नेला आणि तिथे ठेवून दिला. तिचे वर्गातले नाव टिचकी, कारण कोणाला हाक मारायची तर ती दंडावर टिचकी मारते. माझे नाव त्यांनी ठेवले चष्मावर : नाकावरून एक बोट वर ढकलायचे. मी दिवसभर तेच करत असतो, असे दिसते.

कलम ६. टिचकीला मी काहीही देत नाही. हे नीट वाचावे.

ती आता सज्ञान आहे, छापखान्यात कामाला आहे. तिथल्या यंत्रांपुढे बाकीच्यांना ओरडून घसा बसवावा लागतो. हिचे काम निवांत चालते. वर्ग दोन वर्षांपूर्वी बंद झाला. बाकीचे पाच जण कुठे गेले ते शाळेला ठाऊक नाही, मलाही नाही. ती तेवढी सुट्टीच्या दिवशी येत असे. मी तिला म्हटले होते, पुढची खोली तुझ्या नावे करतो, तिथे वर्ग घे.

तिने खोलीभर नजर फिरवली. "मुलं कुठायत?"

"येतील."

"सर, खोटं बोलताना तुमचा हात हळू होतो."

म्हणून तो मजकूर खोडला. मग वकिलांनी नियम सांगितला : ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी तत्काळ ठरवले की दुसरी साक्षीदार तीच. वीस वर्षे मी जे शिकवले त्याचा कोणाला उपयोग झाला नाही, आणि आठ वर्षे जे शिकलो त्याचा यापुढे मला होणार नाही. पण मी शिकलो होतो, हे पाहिलेली ती एकटी आहे. वकील जरा चाचरत म्हणाले, "तिला ऐकू येत नाही ना? उद्या कोणी हरकत घेतली तर?" मी त्यांना सांगितले, साक्षी या शब्दात अक्षि आहे, डोळा. कान त्यात कुठेही सापडणार नाही.

कलम ७. परंतु ती येईल असे वाटत नाही.

संस्कृतात एक आणि अनेक यांच्यामध्ये द्विवचन असते, फक्त दोघांसाठी. दर वर्षी कोणी तरी विचारी, "सर, दोन म्हणजे अनेकच की. वेगळं कशाला?" मी म्हणे, परीक्षेत येतं. खरे उत्तर मला टिचकीच्या हातात सापडले. दोन बोटे ताठ करून तिने ती माझ्या आणि तिच्या मध्ये मागेपुढे हलवली : आपण दोघे. तिसरा त्यात येऊच शकत नाही. मेलेले म्हणून जे मी फळ्यावर मांडत होतो ते त्या मागच्या वर्गात पोरे रोज वापरत होती. त्या दिवशी मी घरी येऊन ताईला दोनदा चहा करून दिला. तिने ताप पाहिला.

मागच्या महिन्यात टिचकी आली, दारात उभी राहिली. मी 'बस' म्हटले. तळवा खाली दाबला की बस, बाहेर झटकला की जा. माझ्या मनगटाने आपल्या मनाने झटका दिला. तिने तो पाहिला आणि गेली. मी फोनवर मजकूर पाठवला, सात ओळींचा, त्यात दोन समास. माझ्या जुन्या वर्गातल्या पोरांना संस्कृत जेवढे परके, तेवढीच लिहिलेली भाषा तिला परकी आहे, हे मला पाठवल्यावर आठवले. उत्तरादाखल एक अंगठा आला. ठीक आहे म्हणून, की संपले म्हणून, ते कळायला मार्ग नाही. तेव्हापासून ती आली नाही.

वकिलांनी तिला सह्यांची वेळ कळवली. त्यांनाही अंगठाच आला. म्हणून शेजारचे शिंपीकाका दुसऱ्या जागेसाठी तयार ठेवले आहेत. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी माझी फक्त पँट पाहिली आहे.

सहीपूर्वी. वरचे सगळे काल लिहिले, हे आज. पहिले साक्षीदार, समोरचे औषधवाले, वेळेवर आले. वकिलांनी तीनदा घड्याळ पाहून शिंपीकाकांना हाक मारली. ते जिना चढत असताना माझ्या दंडावर टिचकी बसली.

"मला जा म्हणालात, गेले," तिचे हात म्हणाले. "वकील म्हणाले या, आले. तुमचं एकदा ठरवा."

मी 'बस' म्हणायला हात उचलला. मनगटाने पुन्हा तेच केले. या वेळी तिने मनगट धरले आणि झटके थांबेपर्यंत सोडले नाही. मग तिने विचारले, "बस?" मी मान हलवली. ती बसली.

मग मी दोन बोटे ताठ करू पाहिली. एक उठले, तेही अर्धे. तिने ते बराच वेळ पाहिले, आपले एक बोट त्याच्या शेजारी टेकवले, आणि आमचे दोन्ही हात मिळून मागेपुढे हलवले. औषधवाले म्हणाले, "रोज असा व्यायाम करा सर, फरक पडेल."

फरक पडणार नाही. थोड्या दिवसांत हेही बोट पडेल, मग पेन, मग बाकीचे, सांगितलेल्या क्रमाने. टिचकी एकवचनात राहील. पण आज ती खुर्ची माझ्या हाताकडे वळवून बसली आहे, म्हणून सही करून घेतो.

स्थळ : पुढची खोली, खिडकीपाशी.
दिनांक : नऊ मार्च, दुपार.

मृत्युपत्र करणार : (सही) चष्मावर

साक्षीदार पहिले : औषधवाले, समोरचे दुकान. सही माझ्यासमोर झाली. सर शुद्धीत आहेत, माझ्या सहीतला ऱ्हस्वदीर्घ त्यांनी सुधारला.

साक्षीदार दुसरी : टिचकी, छापखाना. ऐकले नाही. पाहिले.