माझ्या परिच्छेदातलं आईचं वाक्य

गोरेगाव (जि. हिंगोली), मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या डोळ्यांदेखत माझं वाक्य गेलं. जिल्ह्यातून हुशार म्हणून निवडलेली आम्ही पोरंपोरी हळदीवरचा प्रकल्प एकाच ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये लिहितो, ज्याच्या त्याच्या घरून. बाबांचा मोबाईल घेऊन बसले, तर हिंगोली शहरातल्या अनिकेतचा कर्सर माझ्या परिच्छेदात फिरून राहिला होता. मी लिहिलं होतं, 'हळद शिजवताना वाफेनं माझ्या आईचे डोळे चुरचुरतात, तरी ती कढईपासून हटत न्हाई.' एकेक अक्षर मागून पुसत गेलं. त्या जागी आलं, 'हळद प्रक्रियेदरम्यान कामगारांना नेत्रदाह संभवतो.'

लगेच अनिकेतला फोन लावला. "काहून काढलं?"

"अगं, शुद्ध केलं फक्त. अर्थ तोच आहे ना? अशा भाषेला परीक्षक हसतील."

तोच आहे का अर्थ? कामगार कोण? ती तर आई आहे. जुनं वाक्य परत आणता येतं, मला येतं ते. पण परीक्षक खरंच हसले तर... आईच्या डोळ्यांवर? नाही आणलं.

तेवढ्यात आईच मागं येऊन उभी राहिली. डोळे बारीक करून तिनं अख्खं पान वाचलं, माझ्या नावापासून.

"हे तूच लिहिलंस व्हय गं? केवढाले शब्द!"

"व्हय," म्हणाले.

पदर सावरत ती शेजारच्या काकूंना सांगायला गेली. मी तिला थांबवलं नाही.