मितूच्या कानातला समुद्रफेस

रत्नागिरी
२२ जून १९८६

ती. भाऊस,
धाकट्या रंभाचा सा. जयभीम वि. वि.

माझा ताप गेला, खोली गळत नाही आणि जेवणात रोज मासे आहेत, हे समाचार आईला आधी वाचून दाखव, म्हणजे उरलेलं पत्र ती शांतपणे ऐकेल.

नोकरीला वर्ष झालं तरी तुझा प्रश्न तोच, की सरकार तुला नक्की कशाचा पगार देतं. माकुलाचा, भाऊ. तू डेपोत मेलेला साग सांभाळतोस, मी इथे टाकीतली जिवंत माकुलं सांभाळते. त्याला मासा म्हणू नकोस, आमचे साहेब रागावतात. गोगलगाईच्या नात्यातला जीव आहे तो. तोंडाभोवती दहा हात, अंगात तीन काळजं आणि रक्त निळं. परवा पाहुणे यायच्या दिवशीच एकाने साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर शाई सोडली. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

पण खरी गंमत कातडीची. रागावलं की अंगावर पट्टे उठतात, मादीपुढे गेलं की वेगळीच नक्षी, घाबरलं की वाळूच्या रंगाचं होऊन बसतं. एवढे रंग अंगावर, आणि त्याला स्वतःला रंग दिसत नाहीत असं पुस्तकं सांगतात. ऐकूही येत नाही म्हणे. तरी दिवसभर त्यांचं आपसात चाललेलं असतं, मनात येईल ते लगेच अंगावर. वहिनीला सांग, तुझ्यासारख्या घुम्याशी संसार करण्यापेक्षा माकूल पत्करलं असतं तर नवऱ्याच्या मनातलं तरी कळलं असतं.

दिवाळीत तुझ्या मितूच्या शाळेच्या कपाटासाठी मी पांढरी हाडं आणली होती, ती याच्याच पाठीतली. तिने शाळेत दिली की आईने ट्रंकेत घातली? आणि वहिनीने लिहिलं होतं की मितूचा कान पुन्हा वाहतो. दवाखान्यात दाखवलं का ते कळव.

पत्राला उशीर कर, पण लोभाला करू नकोस.

तुझी,
रंभा

आलापल्ली
५ जुलै १९८६

चि. रंभास,
अ. आ. व जयभीम.

पत्र मिळाले. आम्ही सर्व खुशाल. पावसामुळे जंगलातून माल येणे बंद आहे, पण लिलावात गेलेला माल ठेकेदार उचलत आहेत. दिवसभर क्वार्टरच्या मागे ओंडके आदळतात आणि तुझी वहिनी मांडणीवरची भांडी सावरत बसते. मी घुमा आहे हे तिने मान्य केले. माकुलाबद्दल मात्र ती काही बोलली नाही.

हाडे शाळेत गेली नाहीत. आईने डबा उघडला आणि लगेच ओळखले, हा तर समुद्रफेस आहे. तिच्या माहेरी वाहत्या कानात हाच घालत. सावली गावच्या किराणा दुकानात मिळतो तो जुनापुराणा, पिवळा पडलेला. आणि इथे लेकीने थेट समुद्रातून आणलेला. मग काय, खलून, वस्त्रगाळ करून रोज कागदाच्या सुरळीने मितूच्या दोन्ही कानांत फुंकते. कान वाहायचा थांबला. आई क्वार्टरच्या साऱ्या लाईनीत सांगत फिरते की माह्या पोरीनं दवाई आनली. तेव्हा दवाखान्याचे काम राहिले नाही. तुझ्या शिक्षणाचा एवढा उपयोग होईल असे मला वाटले नव्हते.

एक बारीक तक्रार आहे. बाई सांगतात की मितू वर्गात हाकेला ओ देत नाही. तुझ्या वहिनीचेही म्हणणे असे की विहारात वंदना चालू असताना मितू बाजूच्या बायांच्या तोंडाकडे पाहत एक शब्द मागून म्हणते. आई म्हणते की पोरीले चांगलं आयकू येते, आत्यासारखी हट्टी हाये बस. आणि ते खरे दिसते. मी स्वतः पाहिले आहे, डेपोत ओंडका पडला की मितू पाठमोरी बसलेली असली तरी चटकन वळून बघते. ज्याला ऐकू येत नाही तो वळेल कसा? हट्टीपणा कमी करायचे औषध समुद्रात असेल तर तेही पाठव.

तब्येतीस जप. माया आहेच, ती पत्रात मावत नाही म्हणून लिहीत नाही.

तुझा,
हरिदास

रत्नागिरी
१६ जुलै १९८६

ती. भाऊस,
सा. जयभीम वि. वि.

आज थट्टा नाही. आधी ती पूड बंद करा. आईला काय वाटेल ते मी नंतर बघून घेईन, पण आजपासून एक चिमूटही नको. कान वाहायचा थांबला म्हणजे बरा झाला असं नाही. बाहेर यायची वाट बुजली असेल तर पू आतच राहत असेल.

आता दुसरं सांगते, ते नीट वाच. माकूल बहिरं आहे हे पुस्तकातलं साहेबांना पटेना. म्हणून आम्ही टाकीवर शाळेची घंटा वाजवली. त्याने काही केलं नाही, आपलं कोळंबीवर डोळे लावून बसलं होतं. मग साहेबांनी टाकीच्या लाकडी घडवंचीला मूठ मारली, आणि ते तिथल्या तिथे काळंठिक्कर पडलं. टाळ्या वाजवल्या तर काही नाही, जमिनीवर पाय आपटला तर लगेच रंग बदलला. हवेतला आवाज त्याला कळत नाही, भाऊ, पण थरथर कळते. पाण्यातून त्याच्या अंगाला लागते.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी त्याच टाकीपाशी उभी होते. ओंडका पडला की मितू वळते, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि तशीच हे लिहायला बसले.

तुमच्या चिंचेला झुला बांध. मितूला त्यावर बसव, पाय जमिनीला लागू देऊ नकोस, तोंड घराकडे. मग डेपोतल्या मुखरूला मागे ओंडका टाकायला सांग आणि बघ ती वळते का. ती वळली तर मला मूर्ख म्हणून पत्र लिही, मी ते फ्रेम करून लावीन. नाही वळली तर तिला घेऊन नागपूरला जा. सुट्टी मागत बसू नकोस.

वाट बघते आहे. तुझी माया राहू दे, रागावलास तरी.

रंभा

आलापल्ली
३० जुलै १९८६

चि. रंभास,
अ. आ.

तुझे पत्र वाचून मी ते फाडणार होतो. माझ्या पोरीला तू तुझ्या टाकीत नेऊन बसवलेस असे वाटले. रागाने खिशात घालून डेपोत गेलो, आणि चार दिवस झुला बांधला नाही. काऊन बांधला नाही हे तुला कळेल. बांधला नसता तर पोरगी हट्टीच राहिली असती.

रविवारी बांधला. मितूला बसवले. ती खूश, पाय हलवत होती. मुखरूने ओंडका टाकला. तो पडल्याचे मला छातीत कळले. मितू वळली नाही. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. मग मी तिच्या मागे जाऊन तिचे नाव घेतले, आधी हळू, मग ओरडून. शेजारच्या क्वार्टरातले लोक बाहेर आले, पण पोरगी झुल्यावर गाणे म्हणत होती. सुरात नव्हते. मी तिला खाली उतरवले, तिचे पाय मातीला लागले, मुखरूने तिसरा ओंडका सोडला आणि ती लगेच मागे वळून हसली.

आई सारे बघत होती. म्हणाली की झुल्याचा नाद लागला म्हनून वळली नाई. ती तसे म्हणत राहिली. रात्री तुझी वहिनी मला म्हणाली की मी दोन महिन्यांपासून सांगून राह्यली होती, तुमाले बहिनीचं माकूल सांगन तवा पटन.

पूड बंद केली आहे. निघायची तयारी आहे, पण आष्टीच्या पुढे रस्ता पाण्याखाली आहे. एस.टी. येत नाही. पाणी उतरले की त्याच दिवशी निघतो. इथल्या दवाखान्यात दाखवले, त्यांनी कानात पाहिले आणि नागपूरलाच न्या म्हणाले.

तू रागावू नकोस. मीच स्वतःवर खूप रागावलो आहे.

हरिदास

रत्नागिरी
९ ऑगस्ट १९८६

ती. भाऊस,
सा. जयभीम.

मी कशाला रागावू? हाडं मीच आणली होती. वाळूतून वेचून, धुऊन, उन्हात वाळवून, निवडून चांगली चांगली आणली होती. भावाच्या घरी समुद्रातलं काही न्यावं अशी हौस. डब्यात चिठ्ठीही घातली नाही की ही फक्त बघायची आहेत.

आमच्या टाकीतल्या मादीने अंडी घातली आहेत, द्राक्षांच्या घोसासारखी. घालून झाल्यावर ती मेली. त्यांची रीत तशीच आहे. पिल्लं निघतात तेव्हा आई नसते, जे काही यायचं ते त्यांना आपापलं येतं. एरवी मी हे तुला मजेने लिहिलं असतं. आज त्या अंड्यांकडे बघवत नाही.

सोबत मनिऑर्डर करते आहे, परत पाठवलीस तर तुझ्याशी बोलणार नाही. पाणी उतरलं का? निघालात का? एका ओळीचं कार्ड टाक.

तुमच्या सगळ्यांच्या मायेवरच मी इथे उभी आहे.

रंभा

आलापल्ली
३१ ऑगस्ट १९८६

चि. रंभास,
अ. आ. व जयभीम.

चार दिवसांपूर्वी परत आलो. नागपूरच्या डॉक्टरांनी मितूला मांडीवर घेऊन बसायला सांगितले आणि कानातून जे काढले ते बशीत ठेवून मला दाखवले. चुन्याच्या खड्यासारखे घट्ट झाले होते. त्यामागे पू साठला होता. डावा कान गेला. उजवा अर्धा आहे. जवळ जाऊन मोठ्याने बोलले तर कळेल. ती मोठी झाली की पडद्याचे ऑपरेशन करून पाहता येईल, पण भरवसा देत नाही म्हणाले. मी विचारले की पुडीमुळे झाले का. ते म्हणाले, कान आधीच सडत होता, पुडीने फक्त झाकून ठेवला. दोन महिने आधी आणली असती तर डावाही वाचला असता. हे वाक्य मी घरी कुणाला सांगितले नाही. तुला सांगतो, कारण एकट्याने ते बाळगवत नाही.

आईला बशीतला खडा मी दाखवणार नव्हतो, पण मितूनेच खिशातून काढून दाखवला. तिला तो खेळायला हवा होता म्हणून डॉक्टरांनी धुऊन दिला होता. आईने हातात घेऊन पाहिला आणि तेव्हापासून ती नीट जेवत नाही. काल तिने मला विचारले की रंभाले पूस, ज्याचं हे हाड हाये त्या जीवाले आयकू येते का.

तू जूनमध्येच लिहिले होते. ती ओळ मी तेव्हा आईला वाचून दाखवली नव्हती, रंगांचे आणि तीन काळजांचे तेवढे वाचले होते. ऐकू येते म्हणून सांगू का? म्हातारीला तेवढाच आधार. तू म्हणशील तसे करीन.

हरिदास

रत्नागिरी
९ सप्टेंबर १९८६

ती. आईस,
रंभाचा पाया पडून जयभीम.

भाऊ, हे पत्र आईला सगळं वाचून दाखव. या वेळी एकही ओळ गाळू नकोस.

आई, त्या जीवाला आपल्यासारखं ऐकू येत नाही. तुला खोटं सांगून मला झोप लागली नसती आणि तुलाही ते कळलंच असतं, तुला कोण फसवणार. तू दवाई म्हणून घातलंस. तुझ्या आईने तुझ्या कानात घातलं होतं आणि तुला ऐकू येतं, मग तू का नाही घालणार? मीही तेच केलं असतं. मला राग आला तो माझा आला, तुझा नाही.

पण एवढं ऐक. त्याला आवाज कळत नाही, तरी जवळ कोण आलं ते कळतं. रोज सकाळी मी टाकीशी गेले की माझ्या पावलांनी फरशी हलते आणि ते कोपऱ्यातून पुढे येतं. मी कोण हे त्याला ठाऊक आहे. त्या पिल्लांना आई नसते, आजी नसते. मितूला तू आहेस. तू जेवली नाहीस तर तिला बोलायला कोण शिकवणार? भाऊ तर घुमा.

मी दिवाळीला येते. हाडं आणणार नाही. मला तुझ्या पोटाशी घे, एवढंच मागणं.

तुझी,
रंभा

आलापल्ली
२१ सप्टेंबर १९८६

चि. रंभास,
अ. आ.

पत्र आईला सगळे वाचून दाखवले. मग म्हणाली की ज्याले सोताले आयकू येत नाई, त्याचं हाड मी पोरीच्या कानात घातलं, आन् पोरगी आयकन म्हनून वाट पायत बसली. एवढे म्हणून पदर तोंडाला लावून रडली. मी पहिल्यांदाच तिला असे रडताना पाहिले. बाबा गेले तेव्हाही नाही. तुझ्या वहिनीने तिच्यापुढे भाताचे ताट ठेवले आणि जेवेपर्यंत उठली नाही.

उरलेली हाडे डब्यासकट तिने चिंचेखाली पुरायला लावली. झुला तसाच आहे.

आता आई मितूला हाक मारत नाही. मितू अंगणात पाठमोरी खेळत असली की आई तिच्यापर्यंत चालत जाते आणि मागे उभी राहून जमिनीवर टाच आपटते. मितू वळते. मग आई खाली बसते, तिचे तोंड दोन्ही हातांत धरते आणि एकेक शब्द, ओठ दाखवत, सांगते. गुडघे दुखतात तरी रोज बसते. काल वंदनेला तिने मितूला मांडीवर आपल्याकडे तोंड करून घेतले होते. पोरगी अजून एक शब्द मागेच होती. आई तिच्यासाठी थांबत होती, म्हणून आईही साऱ्या विहाराच्या एक शब्द मागे होती.

दिवाळीला ये. आल्यावर अंगणातच पाय आपट, म्हणजे मितूलाही कळेल.

तुझा,
हरिदास