रविवारची हजेरी

बार्देस, बुधवार, १० जुलै

आदरणीय फादर क्लावदियो,

(पाठच्या भावाला आदरणीय लिहिताना हात अडतो, पण झग्याचा मान ठेवायला सिस्टरांनी आम्हाला शिकवलंय.) तुझा गुडघा आणि तुझा नवा आचारी, दोन्ही ठीक असतील अशी आशा. मी ठणठणीत आहे. रागावले की माझी तब्येत सुधारते.

काल, ९ जुलैला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे सभ्य माणसं झोपलेली असतात तेव्हा, शिक्षण खात्याचा म्हांबरे नावाचा कारकून नोटीस घेऊन दारात उभा. मी हेडमिस्ट्रेस असताना सहा वर्षं मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी सरकारने जादा पैसे दिले, ते एकोणपन्नास हजार आता माझ्या पेन्शनमधून कापणार. कारण काय, तर माझ्या हजेरीपटात रविवारीही सगळी मुलं हजर आहेत.

होतीच. दर रविवारी तुझ्या मिस्साच्या प्रार्थनेला मी इगर्जेच्या सज्ज्यातून एकेक डोकं मोजायची आणि तडक शाळेत जाऊन हजेरी मांडायची. डोळ्यांदेखत बसलेल्या मुलाला गैरहजर लिहू? खोटं लिहायची सवय मला नाही. म्हांबरे म्हणाला, "टीचर, रविवारी शाळा नसते हो." म्हटलं, "हे कळायला तुझ्या खात्याला सहा वर्षं लागली? तुमच्याकडे कॅलेंडर लावत नाहीत?" तो म्हणाला, "मी तुमच्याच वर्गात होतो, टीचर." ते मी नोटिशीतल्या शुद्धलेखनावरून ओळखलंच होतं. चार चुका तांबड्या पेनाने दुरुस्त करून नोटीस परत दिली.

तेव्हा काळजी करू नकोस. खातं हरणार. तू प्रार्थना तेवढी कर.

तुझी बहीण,
एर्मेलिंदा

ता.क. प्रार्थनेबरोबर एक दाखलाही पाठव. तेव्हा तू आमचा पाद्री होतास. मिस्सानंतर मी शाळेत मुलांना धर्मशिक्षण द्यायची, म्हणजेच रविवारी शाळा भरायची, असं सही-शिक्क्यानिशी लिही. (दोनदा दिलं होतं. आकडा घालायची गरज नाही.)

पुन्हा ता.क. मन धजत नसेल तर ऐक. 'फादर क्लावदियोच्या प्रवचनाला एकही मूल चुकत नाही,' असं बिशप अजून चारचौघांत सांगतात. तुझा शेवटचा आशीर्वाद होताच शाळेचं जेवण रांधणारी बचतगटाची उर्मिला इगर्जेच्या मागच्या पायऱ्यांवर पाव-भाजीचं पातेलं उघडायची. सरकारचे पैसे तिथे गेले. बिशपांना हे अजून कोणी कळवलेलं नाही, आणि माझं अक्षर सुवाच्य आहे. दाखला शुक्रवार, १९ जुलै, दुपारी बाराच्या घंटेआधी लेखी, माझ्या हातात हवा.