हात लावल्याशिवाय सही नाही

दवनीवाडा
१४ जुलै २०१२

चि. चंचल,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. इकडे सगळं बरं आहे. धानाची रोवणी सुरू आहे, तुझी माय सकाळीच बांधीत जाते आणि माझं ऐकत नाही. माझ्यामागे ती तुझ्याशी फोनवर बोलते, हे मला ठाऊक आहे. बोलू दे.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दोन महिन्यांपासून नव्या सॉफ्टवेअरची धामधूम आहे. जुन्यातली सगळी नोंद नव्यात न्यायची, आणि त्याआधी प्रत्येक विभागाने आपल्याकडची पुस्तकं तपासून यादीवर सही करायची. सोपं वाटतं ना? सही मागायला गेलो की सगळ्यांना आपापले तास आठवतात. केमिस्ट्रीवाले म्हणाले, जुनं काय वाईट होतं. बॉटनीच्या केशोराव सरांनी कपाटाची किल्ली हरवल्याचं सांगितलं. ती त्यांच्याच खिशात वाजत होती. ऑफिसचे घनश्यामबाबू तर विद्यार्थ्यांची यादी द्यायलाच तयार नव्हते.

मग मी भांडणं सोडलं. रोज एका विभागात डबा घेऊन गेलो, त्यांच्यासोबत जेवलो आणि जेवण झाल्यावर त्यांच्याच हातांनी पुस्तकं काढायला लावली. नियम एकच ठेवला: हात लावल्याशिवाय सही नाही. जे हाताला लागत नाही ते हरवलं म्हणून लिहा, उगाच आहे म्हणू नका. केशोराव सरांची चौदा पुस्तकं अशी गेली. सर फार हळहळले, मी ऐकलं नाही. तुझा बाप कसा आहे, तुला माहीतच आहे.

शेवटी घनश्यामबाबू यादी घेऊन आले. जुन्या विद्यार्थ्यांची नावं काढून टाकायची होती. एका नावावर बोट ठेवून ते थांबले. चंचल परसराम बिसेन. नागझिऱ्याच्या जंगलातल्या सहलीसाठी नेलेलं पक्ष्यांचं पुस्तक.

"परसरामजी, सात साल झाले, दर पंधरा दिवसांनी तुम्ही या पुस्तकाची तारीख नवी करून राहिले," ते म्हणाले. "याले हात कोनं लावला?"

मी यादी माझ्याकडे ओढून घेतली.

खरं आहे ते. दर दुसऱ्या सोमवारी मी तुझं खातं उघडून मुदत वाढवायचो. त्याच सहलीत तुला रत्नपाल भेटला, तिथला गाईड. तू त्याच्याशी लग्न केलंस तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो होतो, आजपासून माझं नाव लावू नको. मी पोराची जात पाहिली, पोरगा पाहिला नाही. आणि तेच नाव तुझ्या नावापुढे राहावं म्हणून सात वर्षं धडपडत बसलो. मुदत संपली असती तर तुझं खातं बंद झालं असतं, ते मला सोसलं नसतं. चंचल, मला तुझी फार आठवण येते. तुझं कोहमारा काही लांब नाही. दोनदा गोंदियाच्या स्टँडवर जाऊन त्या गाडीत बसलो आणि सुटायच्या आधी उतरलो.

घनश्यामबाबू वाट पाहत होते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हरवलं लिहायचं, नाहीतर परत यायची तारीख, तिसरं काही नाही. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "हरवलं लिहू?"

मी नाही म्हटलं. तारीख घातली, रविवार, २९ जुलै. त्या दिवशी ग्रंथालय बंद असतं, म्हणून पुस्तक घरीच आण. रत्नपालला आण, तुझ्या पोरीला आण. त्याची माफी मी त्याच्यासमोर मागेन, पत्रातून नाही. पुस्तक सापडलं नाही तरी या.

बाकी सगळ्या विभागांच्या सह्या झाल्या आहेत. तुझ्या नावासमोरची तेवढी माझी सही राहिली आहे. माझा नियम तुला सांगितलाच आहे.

अजून तुझ्या नावापुढे असलेला,
बाबूजी