कड्यावरचा तांदूळ

आई, पळसदेवच्या आपल्या विहिरीवर मोटारीचा नवा स्टार्टर बसला, तेव्हा बटण दाबायला मी पुढे झालो आणि तू माझा हात धरलास. आधी ओलं कुंकू, त्यावर अक्षता. शाळेत नुकतीच वीज शिकलेला मी म्हणालो, यंत्राला काय कळतंय त्यातलं. तू स्टार्टरवरची नजर न काढता म्हणालीस, "त्याला न्हाय रं कळत. पर त्या निमतानं आपण त्याला एकदा नीट बघतो का न्हाय?"

आता मी बारामतीच्या एमआयडीसीत विजेच्या मोठ्या लाइनची उपकरणं आखतो. उंच मनोऱ्यावर तार जिथे टांगलेली असते, तिथे ॲल्युमिनियमचं एक गुळगुळीत कडं बसवतात. तुझ्या पाटलीसारखंच, फक्त बैलगाडीच्या चाकाएवढं. त्याला कुठे बारीकसं टोक राहिलं, की तिथून वीज हवेत गळते आणि सूंऽ असा आवाज येतो. यंदाचं कडं माझ्या आखणीचं. चाचणीत नापास झालं तर ही आखणी सोडून द्यायची, असं वरून आधीच सांगितलं होतं. त्या सकाळी मी काय केलं असेल, ते तुला सांगायला नको.

विजेचा दाब चढवत नेला आणि निम्म्यावरच सूं सुरू. मी आकडेमोड बघतो, सांधे बघतो, काही सापडत नाही. शेवटी भरदुपारी शटर ओढून, दिवे घालवून पुन्हा दाब चढवला. अंधारात एकाच जागी जांभळा ठिपका थरथरतोय. माझा फिटर, निमगाव केतकीचा, जाळीबाहेरून हळूच म्हणाला, "सायेब, कुंकू लावलंय तितंच पेटलंय. देवानंच नापास केलं म्हना की."

वीज बंद करून, अर्थिंग करून शिडीवर चढलो. कुंकवात तांदळाचा एक दाणा उभा चिकटलेला. एवढंच टोक. पुसून काढलं, आणि कडं शेवटपर्यंत गप्प राहिलं. पास झालं.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. दाणा आडवा असता तर? नुसतं कुंकू असतं तर? कधीतरी लावून बघायला हवं. आणि मोटार चालू झाल्यावर तू स्टार्टरजवळ कान नेऊन काय ऐकायचीस, हेही तू असेपर्यंत विचारायचं राहिलंच. आता कुंकू मी चाचणीच्या सांगाड्याच्या खालच्या लोखंडी पायाला लावतो, तिथे वीज नसते. कड्यावरून मात्र अंगठा फिरवतो, सावकाश, पूर्ण गोल.

हे पत्र कुठे टाकणार? देवघरात ठेवून देतो. एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. सगळे रिपोर्टवर सह्या करत होते, तेव्हा खिशात जपून ठेवलेला तो लाल दाणा मी गुपचूप तोंडात टाकला.